पाय पुढे

माझी पणजी ठकूबाई सुईण होती. ग्रहणात बाळंतिणीच्या खोलीत सुरी नेऊ नये असे सारे गाव म्हणत असताना तिने भर ग्रहणात नाळ कापली, आणि ते मूल पुढे पणतू पाहून गेले. तिची लेक बयाबाई, म्हणजे माझी आजी, नगरपालिकेच्या दवाखान्यात दाई होती. अमावास्येला स्मशानापलीकडून बोलावणे आले तरी कंदील उचलून एकटी निघत असे. तिची लेक सरस्वती, माझी आई, आमच्या भागातली पहिली शिकलेली नर्स. देवीच्या साथीत, अंगात आलेल्या बायकांसमोर उभी राहून तिने त्यांच्याच मुलांच्या दंडांवर लस टोचली. त्या तिघींनंतर मी, दमयंती क्षीरसागर, करंजघाटच्या लोकसेवा रुग्णालयाची मेट्रन. आमच्या घराने शकुन-अपशकुनाला कधी उंबऱ्याच्या आत घेतले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे एका दुपारी या तिघींची नावे मला फार वेगळ्या कामासाठी घ्यावी लागली.

त्या श्रावणात मी माझ्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर उताणी पडून होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. पाय लोखंडी चौकटीत बांधलेला, पायथ्याशी दोरीला वजन लटकवलेले, आणि शस्त्रक्रियेची तारीख साखर उतरण्याची वाट पाहत थांबलेली. जिथे माझ्या चपलांचा आवाज ऐकून मुली पदर सारखे करीत, तिथे आता मला पाणी प्यायलाही घंटा वाजवावी लागत होती.

"आत येऊ का?" दारात पँट-शर्टातली एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजण्याची फीत.

"आलीच आहेस. कोण तू?"

"वैदेही उपळेकर. पुण्याहून आले. रुग्णालयाचा टिकाव मोजायला."

"काय मोजायला?"

"टिकाव. पूर आला, आग लागली, भूकंप झाला, तर रुग्णालय किती वेळ चालू राहील, आणि बंद पडलंच तर किती लवकर पुन्हा उभं राहील. त्याला गुण देतो आम्ही."

"कितीपैकी?"

"शंभर."

"मग शंभर लिही आणि चहा पिऊन जा."

पलीकडच्या खाटेवर हौसा हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली. हौसा आमच्याकडे आया होती. मी सिस्टर म्हणून लागले त्याच्या आधीपासून. आता तिची फुप्फुसे थकली होती. भिंतीतल्या नळीतून प्राणवायू घेत, उशांना टेकून ती रात्रंदिवस बसलेलीच असे, कारण आडवे झाले की तिचा जीव घाबरा होई. आम्ही दोघी एका खोलीत होतो ते माझ्या हुकमाने. स्वतंत्र खोली मला मिळत होती. मी म्हटले, कुरकुर ऐकायला कोणी नसेल तर दुखण्यात अर्थ काय?

"तुम्हा दोघींना जिन्यावरून खाली न्यायचं झालं तर किती माणसं लागतील?" वैदेहीने विचारले.

"मला दोन बास," हौसा म्हणाली. "मी वाळकी काटकी. पर ही नळकांडी उचलाय बी कोनतरी पायजे. बाईंना मातूर चौघं, तेबी धट्टेकट्टे."

"हौसा, जीभ आवर."

"खोटं बोलले का, बाई?"

वैदेहीने हसू दाबून लिहून घेतले. मुलगी मला आवडली. जनित्र कुठे आहे, डिझेल कुठे आहे, पाणी चढले तर कोणती खोली आधी बुडेल, असे ती नेमके विचारत होती, आणि उत्तर पटले नाही तर मान डोलवत नव्हती. जनित्र मीच विश्वस्तांशी भांडून गच्चीवर नेले होते, ते तिला सांगितले. तिने विचारले, "आणि ऑक्सिजनचं यंत्र?" ते तळमजल्यावर होते.

दुपारी तिची रंगीत तालीम झाली. पूर आला असे समजून रोगी खाली न्यायचे. वाळूची पोती स्ट्रेचरवरून झपाझप खाली गेली. मग ती म्हणाली, एक खरा माणूस न्या. हर्नियाच्या बेंद्रे आजोबांनी हौसेने होकार दिला. थोड्या वेळाने जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. वॉर्डचा मुख्य सेवक जोतिबा मगदूम धापा टाकत वर आला.

"काय झालं रे?"

"जिना तुंबला, बाई. आजोबांना पाय पुढं करून उतरवत हुतो. वळणावर त्यांची पोरं आडवी आली. म्हनली, आमचा म्हातारा जिता हाय अजून, मढ्यागत पाय पुढं करून न्यायचा न्हाई. तितंच स्ट्रेचर फिरवाय गेली, आनि अडकलं."

आमच्याकडे माणूस घरातून पाय पुढे करून निघतो तो एकदाच. हे मला ठाऊक होते, आणि याच समजुतीशी मी उभी हयात भांडले होते. जिना उतरताना पाय पुढेच हवेत, म्हणजे डोके वर राहते. इतके साधे आहे ते. मी बेंद्र्यांच्या दोन्ही पोरांना खाटेसमोर बोलावून घेतले.

"शाळेत गेला होतात?"

"होय, बाई."

"मास्तरांनी सांगितलं होतं का, की यम माणसाचे पाय बघून येतो?"

"न्हाई, बाई."

"बापाला डोकं खाली करून उतरवलंत तर टाके तुटतील. मग खरंच पाय पुढे करून न्यावं लागेल. जा."

वैदेही दारात उभी राहून ऐकत होती. "बाई, तुमचं हे मी अहवालात घेणार. जुनी माणसं असं बोलली तरच लोक ऐकतात."

"घे," मी म्हणाले. मला बरे वाटले, हे नाकारत नाही.

जोतिबा अजून रेंगाळत होता. "मॅडम, आमच्या हितं खरा भूकंप बी झाल्याला हाय. ह्या मावशीला इचारा. भित्री हौसा म्हनत्यात तिला, ते उगं न्हाई."

"मुडद्या, तुला दुसरं काम न्हाई?" हौसा म्हणाली, पण रागाने नव्हे.

जोतिबाने सांगितलेच. त्याचा बाप त्या वेळी शिडी धरून खाली उभा होता. जुन्या इमारतीचा लाकडी जिना धक्क्याने कोसळला. वर बाळंतिणींचा वॉर्ड. खिडकीला बांबूची शिडी लावून सगळ्यांना उतरवले. शेवटी दोघी राहिल्या, मी आणि हौसा. भिंत डुगडुगत होती, शिडीच्या पायऱ्या कडाकडा वाजत होत्या. "आनि मावशीनं काय करावं? फतकल मारून बसली. मला भ्या वाटतंया, मी न्हाई उतरत. बाई उतरल्या आनि शिडी मोडली. मग मावशी दिवसभर वर. भिंतीचा तुकडा पडला आनि मनगट मोडलं."

"कशाची भीती वाटली, मावशी?" वैदेहीने विचारले.

"उंचीची वो. डोळं फिरत्यात माझं." हौसा खिडकीकडे पाहू लागली.

मला काहीतरी खटकले. हौसाचा नवरा कौले शाकारणारा होता, आणि ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्या हाताखाली छपरांवर असे. तो गेल्यावरही वैशाखात सुट्टी काढून ती एकटी चढे. माझ्या घराची कौले तिनेच फिरवली होती, त्याच वाकड्या मनगटाने. मी अंगणात उभी राहून सूचना देत असे. पण इतक्यात सिस्टर सुई घेऊन आली आणि विचार तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. आम्ही पूर पाहिलेली माणसे. पाणी घाटाच्या पायऱ्या चढते, मारुतीच्या पायाला लागते आणि ओसरते. या वेळी ते मारुतीपाशी थांबले नाही. दुपारपर्यंत आवारात शिरले, आणि मग तळमजल्यावर. विजेचा मुख्य खटका काढावा लागला. गच्चीवरचे जनित्र धडधाकट होते, पण त्याची वीज खाली आणणारी पेटीच पाण्यात गेली होती. लिफ्ट थांबली. प्राणवायूचे यंत्र बुडाले. हौसाच्या नाकातली नळी भिंतीतून काढून तिच्या खाटेशेजारच्या सिलिंडरला जोडली गेली. बाकीचे सिलिंडर अतिदक्षता विभागातल्या रोग्यांबरोबर टेकडीवरच्या शाळेत गेले होते.

ट्रॅक्टर फेऱ्या मारीत होता. चालणारे गेले, मग धरून चालवता येणारे, मग उचलून न्यायचे. मजला रिकामा होत गेला तसा पाण्याचा आवाज मोठा होत गेला. मी खाटेवरून हुकूम सोडत होते. कोणती बाळंतीण आधी, कोणाची औषधे कोणाच्या उशाशी. सुरुवातीला मुली "हो, बाई" म्हणत होत्या. मग नुसत्याच धावू लागल्या. शेवटी धावणारेही कोणी उरले नाही, आणि मी रिकाम्या खोलीत बोलत राहिले.

"बाई," हौसा म्हणाली, "कुनाला सांगताय?"

"काटा कुठे आहे तुझा?"

तिने सिलिंडरवरची तबकडी पाहिली. "हाय की अजून."

मला तिथून दिसत होती. काटा तांबड्या पट्टीला टेकत आला होता.

वैदेही आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल. "खालच्या मजल्याच्या नदीकडच्या भिंतीला तडे गेलेत. ही बाजू धरेल की नाही, मला सांगता येत नाही."

"काल तर सगळं मोजलंस."

"मोजलं. म्हणूनच म्हणते, सांगता येत नाही."

तिच्या मागोमाग डॉक्टर मुकुंद शेटे आले. रुग्णालयाचे अधीक्षक; पण माझ्या लेखी तो मुकुंदाच. विद्यार्थी असताना इंजेक्शन देताना त्याचा हात थरथरायचा, तो मी स्थिर केला होता. त्याच्याबरोबर जोतिबा आणि आणखी तिघे, स्ट्रेचर घेऊन. चौघांचे श्वास ऐकू येत होते.

"बाई, ट्रॅक्टरची ही शेवटची फेरी. पाणी इंजिनाला लागलंय. चौघेच उरलेत, बाकीचे पलीकडे अडकले. एकालाच नेता येईल." त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्हाला नेतोय."

"हौसाला ने."

"बाई..."

"शाळेत सिलिंडर आहेत. इथे तिचा संपत आलाय. मला काय धाड भरली आहे? मी इथे पडून राहू शकते."

"ही भिंत गेली तर नाही पडून राहता येणार." तो खाटेशी वाकला आणि आवाज खाली आणला. "मावशी वाटेत टिकतील असं मला वाटत नाही, बाई. तुम्ही टिकाल. आणि हा क्रम तुम्हीच शिकवलात. ज्याला वाचवता येईल तो आधी. याच वॉर्डात मला उभं करून म्हणवून घेतला होतात."

"मग आता मीच सांगते, तो बाजूला ठेव."

"मला ठेवता येत नाही."

मी रागावले. जोतिबाला नाव घेऊन हुकूम केला. त्याने मान खाली घातली आणि वजनाची दोरी सोडायला लागला. मुकुंदाने पाय चौकटीत घट्ट बांधला. कोणीतरी माझ्या पाठीखाली चादर सारली. माझे बोलणे चालूच होते, आणि त्यांचे हात माझ्या बोलण्यावरून चालत होते, जसे एखाद्या कपाटाला हलवताना चालतील. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाने कोणी थांबले नाही. ते निर्दय नव्हते. जोतिबाच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्यावरच्या मायेने ते मला उचलत होते आणि हौसाला सोडत होते.

तेवढ्यात हौसाने नाकातली नळी बाजूला केली.

"बाईंनाच न्या," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंया. मी न्हाई उतरत."

मी मान वळवली. तेच शब्द होते. तोच सूर, जरा गाऱ्हाणे केल्यासारखा. मी तिच्या डोळ्यांत पाहिले. तिथे भीतीचा मागमूस नव्हता. छपरावर बसून पुढचे कौल कोणते काढायचे हे ठरवताना तिचे डोळे असायचे, तसे ते शांत होते.

शिडीच्या त्या दिवशी माझ्या पोटात श्रीधर होता, माझा थोरला. कोणालाही कळले नव्हते, घरीसुद्धा नाही. एकट्या हौसाला माहीत होते, कारण सकाळी मोरीपाशी माझे कपाळ तीच धरत असे. शिडी आणखी एकालाच पेलेल हे छपरावर वाढलेल्या बाईला खालच्या सगळ्यांपेक्षा आधी कळले असणार. तू आधी उतर असे ती म्हणाली असती तर मी उतरले असते का? मी सिस्टर होते. आयेला वर सोडून मी हलले नसते. म्हणून ती भ्याली. आणि मग सगळे आयुष्य भित्री म्हणवून घेतले, माझ्या घरी बारशाला आली तेव्हाही, त्याच श्रीधरच्या.

चादर ताणली गेली. "एक, दोन..." मुकुंदा म्हणाला.

"थांबा."

या वेळी ते थांबले. माझा आवाज बदलला होता. मी तो मुद्दाम कापरा केला होता, आणि तो करायला फारसे कष्ट पडले नाहीत.

"मला पाय पुढे करून नेणार?"

मुकुंदाला कळेना. "जिन्यावरून तसंच न्यावं लागतं, बाई. मांडीचं हाड आहे, डोकं खाली करता येणार नाही. आणि ही चौकट वळणावर फिरतसुद्धा नाही. तुम्हीच तर काल..."

"काल मी दुसऱ्याच्या बापाविषयी बोलत होते. मी नाही येणार पाय पुढे करून."

"बाई, तुम्ही हे बोलता?"

"मी बोलते. ठकूबाई, बयाबाई, सरस्वती, तिघींची शपथ घेऊन सांगते. आमच्या घरात जिवंत माणूस कधी पाय पुढे करून निघाला नाही. आणि ज्यांनी तसा काढला त्यांच्या घरात वर्ष सुखाचं गेलं नाही. माझ्या पणजीने पाहिलं आहे ते." मी जोतिबाकडे पाहिले. "जोती, तुझी सून भरल्या दिवसांची आहे ना?"

जोतिबाचे हात चादरीवरून सुटले. बाकीच्या तिघांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांचेही सुटले.

पणजीने काय पाहिले होते आणि काय नव्हते, ते तिलाच ठाऊक. ती मला क्षमा करील, असे त्या वेळी वाटले नव्हते.

"बाई, लहान मुलासारखं करू नका," मुकुंदाचा आवाज चढला. "जोती, उचल."

"न्हाई, साहेब. बाईंनी तोंडानं म्हटलंय आता."

"अरे, अंधश्रद्धा आहे ती!"

"आसंल. पर तुमच्या घरी पोर व्हायचं न्हाई, माझ्या घरी व्हायचंय."

खालून ट्रॅक्टरचा भोंगा वाजला, लांब. मुकुंदाने एकदा माझ्याकडे पाहिले. माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणी माझ्याकडे कधी तसे पाहिले नव्हते, आणि पुढेही त्याने पूर्वीसारखे पाहिले नाही.

"मावशींना खुर्चीत घ्या," तो म्हणाला.

खुर्चीत बसलेल्या माणसाला पाय पुढे असल्याचा अपशकुन लागत नाही. दोघांनी खुर्ची धरली, एकाने सिलिंडर. जोतिबा पुढे झाला.

"मी न्हाई," हौसा हात झाडू लागली. "आरं सोडा, मला भ्या..."

"मावशी, तुमचं रोजचंच हाय," जोतिबा म्हणाला, आणि एवढ्या सगळ्यात एकजण हसलाही.

ते दाराशी पोहोचले तेव्हा तिने वाकड्या मनगटाच्या हाताने चौकट घट्ट धरली. "बाई," ती म्हणाली. "बाई, हिकडं बघा."

मी खिडकीकडे पाहत राहिले. तिने माझा चेहरा पाहिला असता तर तिने चौकट सोडली नसती.

मग जिन्यावर पावले, पाणी चिरण्याचा आवाज, ट्रॅक्टरची घरघर. ती दूर गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

"मी थांबते," वैदेही म्हणाली. ती कोपऱ्यात उभी होती.

"थांबलीच आहेस. वजन परत लाव. तसं नव्हे, दोरी चाकावरून घे."

तिने लावले. मग माझ्या खाटेला टेकून जमिनीवर बसली. फोन बंद पडलेले. हौसा शाळेत पोहोचली की वाटेत गेली, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी तोपर्यंत रुग्णालयात कधी प्रार्थना केली नव्हती, त्याला वेळच नसे. आता वेळ होता, पण सवय नव्हती.

"बाई," वैदेही म्हणाली, "काल तुम्ही त्या पोरांना किती बोललात. मी ते लिहून घेतलं होतं."

"खोडून टाक."

"आणि आजचं?" तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली दुसरे काहीतरी. "मावशींना नेलं ते बरंच झालं, पण निर्णय गरज पाहून झाला नाही ना. झाला तो एका समजुतीमुळे. उद्या याच समजुतीनं कोणीतरी मरेल. मला लिहावं लागेल."

मी तिला खरे सांगू शकले असते. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तिने ते लिहिले असते, मग मुकुंदाने वाचले असते, जोतिबाला कळले असते, आणि दोन दिवसांत गावभर माझा जयजयकार झाला असता. हौसाचा कोणी केला नव्हता.

"लिही," मी म्हणाले. "नावासकट लिही."

रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी खाली काहीतरी मोठा आवाज करून कोसळले. खाट हलली, वजन लोलकासारखे झुलले. स्वयंपाकघराची भिंत होती ती. वैदेहीने माझा हात धरला. मी तो धरू दिला. पायात कळ उठत होती आणि घंटा वाजवली तरी ऐकणारे कोणी नव्हते. पुढची भिंत कोणती, असे मी तिला विचारले नाही. इमारत थांबली. का थांबली, ते तिला पुढे अहवालातही नीट सांगता आले नाही.

सकाळी होडी आली. जवानांबरोबर जोतिबा होता, वाट दाखवायला. मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला.

"हौसा?"

"हाय, बाई. रात काढली तिनं."

मी डोळे मिटून घेतले. मग जवानांनी मला उचलले, आणि अर्थातच पाय पुढे करून. तेव्हा मला आठवले, की जोतिबा पाहतो आहे. मी ओरडले, पाय झाडता येत नव्हते म्हणून हातच झाडले, ठकूबाईचे नाव घेतले. जवानांना मराठी येत नव्हती. जोतिबा कानांना हात लावून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटते, त्या दोन जिन्यांइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नसेल, आणि तरीही मी शेवटच्या पायरीपर्यंत ओरडणे थांबवले नाही.

शाळेच्या एका वर्गात, फळ्याखाली, दोन बाकांवर गादी टाकून हौसाला बसवले होते. शेजारी भरलेला सिलिंडर. माझे स्ट्रेचर तिच्या बाजूला ठेवले गेले. मुकुंदा आला, माझी नाडी पाहिली, काही न बोलता पुढे गेला.

हौसा बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.

"बाई, तुमी कधीपासनं भ्यायला लागला?"

"वय झालं माझं."

"आसं." ती श्वास घेत थांबली. "कुनाकडनं शिकला?"

"बोलू नकोस. धाप लागेल."

वाकडे मनगट तिने माझ्या स्ट्रेचरच्या दांडीवर ठेवले आणि दुपारपर्यंत काढले नाही.

माझ्या मांडीत सळई बसली, मी काठी घेऊन चालू लागले. हौसाला तिच्या लेकीने घरी नेले. घरात यंत्र बसवले होते. गावात बातमी माझ्या आधी पोहोचली होती. भाजीवाली म्हणाली, तुमी बी मानता होय, बाई? माझी धाकटी सून, जिला मी ग्रहणात भाजी चिरायला लावली होती, ती तोंडावर पदर धरून हसली. नव्या नर्सांना शिकवायला मला बोलावत असत, ते बोलावणे थांबले. मुकुंदाने कधी कारण सांगितले नाही. श्रीधर एकदा म्हणाला, "आई, तू असं बोललीस यावर माझा विश्वास बसत नाही." मी त्याला म्हटले, "बसव."

दिवाळीनंतर अहवाल आला. शंभरापैकी एकसष्ट. प्राणवायूचे यंत्र आणि विजेची पेटी वर हलवावी, जिन्याची वळणे रुंद करावीत, आणि लोकांच्या समजुती लक्षात घेऊन उचलण्याचा सराव करावा, असे त्यात होते. सगळे योग्य होते. समजुतींच्या भागात उदाहरण माझे होते.

मी तो घेऊन हौसाकडे गेले. ती ओसरीवर उन्हात बसली होती, नाकात नळी, पायाशी मांजर. अंगणातून तिच्या लेकीच्या घराचे छप्पर दिसत होते. दोन कौले सरकलेली होती आणि ती त्यांच्याकडे नापसंतीने पाहत होती.

"वाचून दाखवते तुला," मी म्हणाले, आणि चष्मा लावला. "'रुग्णालयाच्या माजी मेट्रन श्रीमती दमयंती क्षीरसागर यांनीदेखील, स्वतः प्रशिक्षित असूनही, पाय पुढे करून नेण्यास भीतीपोटी नकार दिला.'"

"परत वाचा."

मी परत वाचले.

"भीतीपोटी," हौसा म्हणाली. शब्द तिने जिभेवर घोळवला. "छापलंय तसं?"

"छापलंय. नावासकट."

"आनि तुमी कुनाला सांगितलं न्हाई?"

"तू सांगितलं होतंस?"

तिने मान हलवली. उन्हात तिचे डोळे बारीक झाले होते, पाण्याने की हसण्याने, ते मला नळीमुळे नीट दिसले नाही. कागद तिने माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसताना माझ्या नावाच्या ओळीवरून अंगठा फिरवला, आणि घडी करून मला परत दिला.

"फिटलं, बाई," ती म्हणाली. "सगळं फिटलं."